ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्यापूर्वी : चालकाचा परवाना कोणता व कसा असावा

वाशिम जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे रस्त्यावर बैलगाडीपेक्षा ट्रॅक्टर-ट्रॉलीच अधिक दिसू लागते. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून घरी आणि घरून वाशिम, कारंजा, रिसोड किंवा मंगरुळपीरच्या बाजार समितीत माल नेण्याचे काम आता बहुतांशी ट्रॉलीवरच चालते. ट्रॅक्टर घेताना शेतकरी त्याची अश्वशक्ती, डिझेलचा खर्च व बँकेचा हप्ता यांचा बारकाईने विचार करतो. तो चालविणाऱ्या माणसाजवळ कोणता परवाना आहे, ही चौकशी मात्र बहुधा अपघात झाल्यावरच होते. त्या वेळी ती चौकशी शेतकऱ्याच्या घरची माणसे करीत नाहीत, विमा कंपनीचे वकील करतात. प्रस्तुत लेखात या परवान्याविषयीचे नियम, त्यांमागील कारणे व न्यायालयांनी दिलेले महत्त्वाचे निर्णय यांची माहिती दिली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती हंगामापूर्वी गावसभेत वाचून दाखवावी.

कायदा शेतात व कायदा रस्त्यावर

आपल्या देशात सध्या १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला व त्यात २०१९ साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार सार्वजनिक ठिकाणी कोणतेही मोटार वाहन चालविण्यास परवाना, म्हणजेच खेड्यात ज्यास लायसन म्हणतात ते, असावेच लागते. यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. जेथे जाण्यायेण्याचा लोकांस हक्क आहे, असा कोणताही रस्ता, वाट किंवा जागा सार्वजनिक ठिकाण होय. तो रस्ता डांबरी असो वा मातीचा, याने काही फरक पडत नाही. म्हणून स्वतःच्या बांधाच्या आत नांगरट करणे ही एक गोष्ट आणि तोच ट्रॅक्टर पाणंद रस्त्याने गावात आणणे ही दुसरी गोष्ट. ‘आम्ही हमरस्त्यावर जातच नाही’ हे सांगणे पुष्कळ वेळा ऐकू येते, परंतु पाणंदीवर अपघात झाल्यास ते उपयोगी पडत नाही.

कायद्याच्या भाषेत ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर भार वाहून नेण्यासाठी न बनविलेले मोटार वाहन, आणि ट्रॉली म्हणजे मोटार वाहनाने ओढून न्यावयाचे स्वतंत्र वाहन. ही दोन वेगवेगळी वाहने आहेत. ट्रॉलीस इंजिन नाही म्हणून ती वाहन नाही, असा समज चुकीचा आहे. तिची नोंदणी निराळी होते, तिला क्रमांक निराळा मिळतो व तिच्या विम्याचा विचारही निराळा करावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘कृषी ट्रॅक्टर’ व ‘कृषी ट्रॉली’ यांच्या व्याख्या दिल्या आहेत. त्यांप्रमाणे कृषी ट्रॅक्टर हे परिवहनेतर वाहन आहे, आणि कृषी ट्रॉली ही मुख्यत्वे शेतीचे साहित्य व माल नेण्यासाठी असलेली, बहुधा उघडी अशी गाडी आहे.

कोणत्या वर्गाचा परवाना लागतो

परवान्यावर वाहनांचे वर्ग लिहिलेले असतात. मोटारसायकलचा वर्ग निराळा, हलक्या मोटार वाहनाचा निराळा आणि परिवहन वाहनाचा निराळा. ज्या ट्रॅक्टरचे रिकामे वजन ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नाही, तो ट्रॅक्टर कायद्याने हलक्या मोटार वाहनात मोडतो. आपल्याकडील शेतीचे ट्रॅक्टर सर्वसाधारणपणे दोन टनांच्या आगेमागे भरतात. म्हणून हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला मनुष्य शेतीचा ट्रॅक्टर चालवू शकतो. ज्यास केवळ ट्रॅक्टरच चालवावयाचा आहे, त्यास परवान्यावर ट्रॅक्टरची निराळी नोंद करून घेता येते. मात्र केवळ ट्रॅक्टरची नोंद असलेल्या परवान्यावर जीप किंवा मोटारगाडी चालविता येत नाही. केवळ मोटारसायकलच्या परवान्यावर ट्रॅक्टर चालविता येत नाही, हे तर उघडच आहे. तरीही ‘माझ्याजवळ लायसन आहे’ असे सांगणाऱ्या तरुणाचे कार्ड पाहिले असता त्यावर केवळ मोटारसायकलीचाच वर्ग असल्याचे अनेकदा आढळते. कार्ड हातात घेऊन त्यावरील वर्ग वाचल्याखेरीज मालकाने ट्रॅक्टरची किल्ली देऊ नये.

आता मुख्य प्रश्न ट्रॉलीचा. ट्रॅक्टरच्या परवान्यावर ट्रॉली ओढता येते काय? हा वाद कर्नाटकातील नागशेट्टी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ट्रॉली जोडली की ते मालवाहू वाहन बनते व ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरतो, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने २००१ साली ते अमान्य केले. ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याचा परवाना केवळ मागे ट्रॉली जोडल्यामुळे निष्प्रभ होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. शेतकऱ्यास या निर्णयाचा मोठा आधार आहे. आपल्या शेतातील सोयाबीन, तूर, कडबा, शेणखत किंवा बियाणे आपल्या ट्रॉलीतून नेणाऱ्यास त्यामुळे दुसरा परवाना काढण्याची गरज पडत नाही.

भाड्याचे काम आले की प्रश्न बदलतो. विटा, मुरूम, रेती, गिट्टी यांची वाहतूक करणारी किंवा दुसऱ्याचा माल मोबदला घेऊन नेणारी ट्रॉली शेतीच्या व्याख्येत बसत नाही. मालवाहतुकीस लावलेले ट्रॅक्टर व ट्रॉली मिळून मालवाहू वाहन होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली नटवर पारीख कंपनीच्या प्रकरणात सांगितले आहे. मालवाहू वाहन हे परिवहन वाहन असते. परिवहन वाहन चालविण्यास वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. इतर वाहनांसाठी ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असला पाहिजे, अशीही अट आहे. पूर्वी परिवहन परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. ती अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे कमी शिकलेल्या परंतु कुशल चालकास आता अडचण राहिलेली नाही.

येथे एका ताज्या निर्णयाचा उल्लेख करणे जरूर आहे, कारण त्याविषयी गावोगाव अर्धवट माहिती पसरली आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर हलके परिवहन वाहन चालविता येते की त्यासाठी निराळी परिवहन नोंद लागते, याविषयी अनेक वर्षे वाद होता. १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम व अवजड वाहनांचे निरनिराळे वर्ग काढून ‘परिवहन वाहन’ असा एकच वर्ग केला, आणि तेथून हा गोंधळ वाढला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१७ साली मुकुंद देवांगन यांच्या प्रकरणात चालकाच्या बाजूने निकाल दिला. पुढे विमा कंपन्यांनी हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला व तो पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. त्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी यांच्या प्रकरणात असे ठरविले की, ज्या परिवहन वाहनाचे एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमच्या आत आहे, ते चालविण्यास हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा आहे.

या निकालाचा अर्थ ‘आता ट्रॉलीत काहीही भरा, साधे लायसन चालते’ असा काढणे धोक्याचे आहे. परिवहन वाहनाच्या बाबतीत मर्यादा एकूण वजनाची आहे, म्हणजे वाहन व त्यावरील अनुज्ञेय भार मिळून नोंदणीपुस्तकात जे वजन लिहिले असेल त्याची आहे. समजा, ट्रॅक्टर दोन टनांचा, ट्रॉली दीड टनाची आणि तीवर पाच टन मुरूम भरला, तर बेरीज साडेआठ टन होते. म्हणून जो शेतकरी हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर भाड्याने देतो, त्याने दोन्ही नोंदणीपुस्तके उघडून वजने पाहावीत. ती मिळून साडेसात टनांच्या जवळ किंवा वर जात असतील, तर वादास जागा न ठेवता चालकाच्या परवान्यावर परिवहन वाहनाची नोंद करून घ्यावी. वाहनाची नोंदणी, वाहतुकीचा परवाना व विमा हेही त्या धंद्याला साजेसे करून घ्यावे लागतात. नुसता चालकाचा परवाना योग्य असून भागत नाही.

परवाना नसल्यास जमिनीपर्यंत काय पोचते

परवान्याशिवाय वाहन चालविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा माणसाच्या हाती वाहन देणाऱ्या मालकासही कलम १८० प्रमाणे तेवढीच शिक्षा आहे. परंतु दंड ही यातील लहान बाब आहे. खरे संकट नुकसानभरपाईचे आहे.

अपघातात कोणी मृत्यू पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते. मयताचे वय, त्याची कमाई व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाईची रक्कम ठरते. तरुण कमावता मनुष्य गेला तर ती सहज लाखांच्या घरात जाते. विमा असल्यास ही रक्कम कंपनी भरते. मात्र चालकाजवळ योग्य परवाना नव्हता, असा बचाव कंपनीस कायद्याने दिलेला आहे. असा भंग सिद्ध झाला, तर पुष्कळ प्रकरणांत न्यायालय कंपनीस प्रथम पैसे देण्यास सांगते व मागाहून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. त्यामुळे मयताच्या विधवेस आधार मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मालकाची सुटका होत नाही. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. पाच-सहा एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मालकाने योग्य काळजी घेतली असल्यास न्यायालय ते विचारात घेते, हेही येथे सांगितले पाहिजे. स्वर्णसिंग यांच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परवान्याचा दोष दाखवून विमा कंपनीस जबाबदारी टाळावयाची असेल, तर मालकाचा निष्काळजीपणाही तिनेच सिद्ध करावा लागेल. म्हणून सालदार किंवा हंगामी चालक कामावर ठेवताना त्याच्या परवान्याची झेरॉक्स प्रत घ्यावी, तीवर तारीख घालून ती ट्रॅक्टरच्या कागदांबरोबर ठेवावी, आणि परवाना क्रमांक व जन्मतारीख टाकून ‘सारथी’ या शासकीय संकेतस्थळावर तो तपासून पाहावा. हे काम पाच मिनिटांचे आहे. ग्रामपंचायतीच्या संगणकावरही ते करता येते.

ट्रॉलीच्या विम्याविषयीचा धडा ब्रिजमोहन यांच्या प्रकरणातून मिळतो. तेथे वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरील मजूर जखमी झाला. विमा केवळ ट्रॅक्टरचा व तोही शेतीच्या कामापुरता होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता. विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले. तरीही आपल्या विशेष अधिकारात न्यायालयाने त्या गरीब मजुरास कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग मालकाकडून घ्यावेत, असा आदेश दिला. विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालयास आहे. तो खालच्या न्यायालयास नाही, आणि प्रत्येक मजुराचे प्रकरण दिल्लीपर्यंत पोचतही नाही.

माणसे ट्रॉलीत बसविणे

आपल्या भागात ट्रॉली ही केवळ मालाची गाडी राहिलेली नाही. रामनवमीस मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या यात्रेस जाणारी कुटुंबे, लग्नाचे वऱ्हाड, सोयाबीन सोंगणीस व कापूस वेचणीस जाणाऱ्या बाया, सर्वांना ट्रॉली सोयीची वाटते. सोय खरी आहे, आणि एस.टी. सर्व ठिकाणी वेळेवर पोचत नाही हेही खरे आहे. परंतु हलक्या वाहनाचा असो, ट्रॅक्टरचा असो वा परिवहन वाहनाचा असो, कोणताही परवाना मालाच्या ट्रॉलीस प्रवासी वाहन बनवू शकत नाही. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी यांच्या प्रकरणात २००२ साली सांगितले आहे. म्हणजे ज्या पाहुण्यांना आपण उपकार म्हणून बसविले, त्यांच्या जिवाची जोखीम संपूर्णपणे आपल्या शिरावर येते.

शेजारच्या भागातील एक घटना अद्याप ताजी आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात हळदीच्या कामास मजूर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला व सात स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावच्या होत्या. कठडा नसलेल्या विहिरी आणि त्यांच्या काठाने जाणाऱ्या निसरड्या वाटा आपल्या तालुक्यांतही कमी नाहीत.

अल्पवयीन मुलांविषयी

शेतकऱ्याचा मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की ट्रॅक्टरवर बसू लागतो व सोळाव्या वर्षी तो ट्रॉली मागे घेण्यात बापापेक्षाही तरबेज होतो. त्याच्या कौशल्याविषयी शंका नाही. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ घातले असून त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. एका फेरीची मजुरी वाचविण्यासाठी ऐन तरुण वयातील सात वर्षांचा परवाना घालविणे परवडण्यासारखे नाही.

परवाना काढण्याची रीत

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून निराळा झाला. जिल्ह्याचा वाहन क्रमांक एमएच ३७ असून परवान्याचे काम वाशिम येथील परिवहन कार्यालयात चालते. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेण्याचीही पद्धत आहे. शिबिराची तारीख आधी विचारून घ्यावी, म्हणजे मजुरीचा दिवस वाया जात नाही.

प्रथम शिकाऊ परवाना काढावा लागतो. त्याचा अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर करतात. वय व पत्ता यांचा पुरावा आणि प्रकृतीविषयीचे स्वतःचे निवेदन त्यास जोडावे लागते. चाळीस वर्षांवरील अर्जदारास, तसेच परिवहन परवाना मागणाऱ्यास, डॉक्टरांचा दाखला लागतो. रहदारीची चिन्हे व नियम यांवर प्रश्न विचारतात, त्यांपैकी निदान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ज्यांस वाचनाची सवय राहिलेली नाही, त्यांस घरातील शाळकरी मुलामुलीकडून ही चिन्हे पाठ करून घेता येतील. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ज्या वर्गाचा परवाना हवा त्याच वर्गाचे वाहन चाचणीस न्यावे लागते. चाचणीत वाहन मागे घेणे, वळविणे, इशारे देणे व योग्य जागी थांबविणे हे पाहतात. शिकाऊ चालकाने एकट्याने वाहन बाहेर काढू नये. पक्का परवाना असलेला मनुष्य त्याच्यासोबत असावा व वाहनास पुढेमागे ‘एल’ची पाटी असावी.

पक्क्या परवान्याची मुदत वयावर अवलंबून आहे. तीस वर्षांच्या आतील अर्जदारास तो चाळीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळतो. तीस ते पन्नास वयात तो दहा वर्षांचा असतो. पन्नास ते पंचावन्न वयात तो साठाव्या वर्षापर्यंत व त्यापुढे पाच पाच वर्षांसाठी दिला जातो. परिवहन परवाना मात्र पाचच वर्षांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून नूतनीकरण करता येते, आणि मुदत संपून एक वर्ष उलटल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. संपलेला परवाना म्हणजे परवाना नसणे होय. हंगामाच्या तोंडावर कागद तपासताना विम्याच्या तारखेबरोबर ही तारीखही पाहावी.

क्रमांक, दिवे व उतार

ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूस लिहिलेला असावा आणि तिच्या मागील बाजूस तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक दिसला पाहिजे. हे कलम ६१ मध्ये सांगितले आहे, परंतु फारच थोड्यांना ठाऊक असते. मागे लाल परावर्तक बसवावेत व त्यांवरील चिखल दररोज पुसावा. अकोला-वाशिम-हिंगोली या राष्ट्रीय महामार्गावर रात्रीच्या वेळी दिवे नसलेली, कुटाराने भरून रुंद झालेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारीस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला तरी तो वेगवान वाहनांसाठी आहे. त्यावर ट्रॅक्टर नेऊ नये.

परवान्याची चाचणी बहुधा सपाट जागेवर होते, परंतु मेडशीकडून पातूरकडे उतरणारा घाट सपाट नाही. स्वतंत्र ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला पुढे ढकलते, आणि अशा वेळी गाडी मोकळी सोडली, म्हणजे गिअर काढून टाकला, तर ती आवरत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. दोन्ही ब्रेकपेडल एकत्र जोडणारी कडी रस्त्यावर येताना लावलेली असावी, कारण शेतात वळण घेण्यासाठी ती सोडलेली असते, आणि रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉलीच्या हुकाची खीळ व तिची सुरक्षा साखळी निघण्यापूर्वी पाहावी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये.